दर सेकंदाला शंभर ठोके

१९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने स्वतःच्याच आजारपणाबद्दल लिहिलं. पूर्ण नाव न देता, नुसत्या आद्याक्षरांनी. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती आणि त्या औषधाने त्याच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी केली होती. पलंगावर पडून वाचायचं तर त्याला डोकं पलंगाच्या गजांना घट्ट टेकवून धरावं लागे. तरीही नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरं हलायची. असा गेलेला तोल कानात इम्प्लांट, म्हणजे मज्जातंतूला विजेचे ठोके देणारं यंत्र, बसवून परत आणता येतो का, ते इथे पाहू.

नाडीच्या ठोक्याने आपलं डोकं हलतं, याची आपल्याला कल्पनाही नसते. कारण डोकं जेवढं हलतं, बरोबर तेवढेच डोळे उलट दिशेला फिरतात. डोकं सेकंदाला शंभर अंश वेगाने उजवीकडे वळलं तर डोळे शंभर अंश वेगाने डावीकडे. ही प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायला दहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. डोळ्यांनी बघून, मेंदूने ठरवून नजर स्थिर करायची म्हटली तर त्याला साधारण दहापट वेळ लागतो. चालताना दर सेकंदाला दोन पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला डोकं दचकतं. त्या वेगाला नुसती नजर पुरी पडत नाही. म्हणून दोन्ही कानांचा तोल गेलेला माणूस बसल्याजागी वर्तमानपत्र बहुधा वाचू शकतो, पण चालता चालता समोरच्या दुकानाची पाटी वाचू शकत नाही, समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखू शकत नाही. लोक म्हणतात, ओळख दाखवत नाही.

या आजाराला बायलॅटरल व्हेस्टिब्युलोपॅथी म्हणतात. आपल्याकडे मात्र कागदावर बहुतेकदा ‘चक्कर’ एवढंच लिहिलं जातं, आणि घोळ तिथून सुरू होतो. यात गरगरणं नसतंच किंवा फार थोडं असतं. दोन्ही बाजू सारख्याच गप्प झाल्या की मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप कुठून मिळणार? माणूस बसला, झोपला की ठीक असतो. उठला, अंधारात गेला, वाळूत किंवा नांगरलेल्या शेतात चालला, तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जातो. अशा माणसाला चक्करीच्या गोळ्या महिनोन्‌महिने देत राहणं हे नुसतं निरुपयोगी नाही. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिनसारखी औषधं मेंदूची उरलीसुरली भरपाई करण्याची क्षमता दाबून ठेवतात. आणि कूस बदलताना काही सेकंद घर फिरतं ती कानातल्या खड्यांची चक्कर पूर्णपणे वेगळी. ती डोक्याच्या ठरावीक हालचालींनी तिथल्या तिथे बरी करता येते. इथे लिहिलेल्या कशाचाही तिच्याशी संबंध नाही.

आता कानाच्या आत. कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचा शंख, तिच्या शेजारी हाडात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. प्रत्येकीच्या एका टोकाला फुगीर भाग असतो, त्याला अँप्युला म्हणतात. तिथे केशपेशी आणि त्यांच्यावर कुप्युला नावाचा जेलीसारखा पडदा. डोकं फिरलं की नलिकेतला द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, पेशी मज्जातंतूला कळवतात. एवढं शाळेच्या पुस्तकातही येतं. पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी की डोकं अगदी स्थिर असतानासुद्धा हा मज्जातंतू गप्प नसतो. माकडांमध्ये मोजलं तर प्रत्येक तंतू दर सेकंदाला शंभराच्या आसपास विजेचे ठोके देत असतो, रात्रंदिवस. डोकं एका बाजूला वळलं की ठोके वाढतात, दुसऱ्या बाजूला वळलं की कमी होतात. पलीकडच्या कानात नेमकं उलट. मेंदू तराजूसारखी दोन्ही पारडी तोलत बसलेला असतो, आणि दोन्हीकडे सारखं वजन असेल तरच त्याला ‘स्थिर’ वाटतं. वजनच नसेल तर तराजू सरळ दिसतो खरा, पण त्यावर काही मोजता येत नाही.

कानातल्या तोलाच्या इम्प्लांटची सगळी अडचण आणि सगळी किमया या पायाभूत ठोक्यांत आहे असं मला वाटतं. ‘डोकं हललं की कानाला विजेचा धक्का देणारं यंत्र’ अशी त्याची ओळख करून दिली जाते, ती अपुरी आहे. हालचालीची खबर देणं तुलनेने सोपं. मोबाइलमध्ये असते तसली जायरोस्कोपची चिप ते काम करते. अवघड आहे ते डोकं हलत नसतानाचं बोलणं परत सुरू करणं आणि ते एक क्षणही थांबू न देणं.

नलिकांच्या एकेका मज्जातंतूला वीज दिली तर डोळे त्याच नलिकेच्या प्रतलात फिरतात, हे बर्नार्ड कोहेन आणि जुन-इची सुझुकी यांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर दाखवून दिलं होतं. २०००च्या सुमारास वांगशेंग गाँग आणि डॅनियल मर्फेल्ड यांनी अमेरिकेत जायरोस्कोप आणि इलेक्ट्रोड जोडून पहिलं चालतं यंत्र प्राण्यांमध्ये बसवलं. मग माणसांची पाळी आली. २००७पासून जिनिव्हात ज्याँ-फिलिप ग्यो यांचा गट आणि त्यांच्याबरोबर नेदरलँड्समधला मास्ट्रिख्टचा गट. २०१०मध्ये सिॲटल. २०१६पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चार्ल्स डेला सँटिना यांचा गट.

जिनिव्हा-मास्ट्रिख्टवाल्यांनी शहाणपणाने सुरुवात केली. त्यांनी ऐकण्याचा कॉक्लियर इम्प्लांटच घेतला, त्यातले एक ते तीन इलेक्ट्रोड वेगळ्या तारांवर काढून अँप्युलांकडे नेले आणि उरलेले कॉक्लियात घातले. रुग्ण निवडले ते त्या कानाने आधीच बहिरे असलेले. म्हणजे तोलाचा प्रयोग फसला तरी त्या माणसाला ऐकू येण्याचा लाभ मिळणार होता आणि गमावण्यासारखं काही नव्हतं. सिॲटलमध्ये मेनिएरच्या, म्हणजे चक्करेचे झटके आणणाऱ्या कानाच्या आजाराच्या, रुग्णांमध्ये इम्प्लांट बसवला गेला. झटका आला की यंत्राने मज्जातंतूचा ताबा घ्यायचा, अशी कल्पना होती. पण शस्त्रक्रिया झालेल्या कानाचं ऐकणं आणि उरलेला नैसर्गिक तोल, दोन्ही गेलं. हा धडा पुढच्या सगळ्यांनी लक्षात ठेवला.

हॉपकिन्सच्या यंत्राचे भाग पाहू. कानामागे त्वचेखाली बसतो तो रिसीव्हर-स्टिम्युलेटर, कॉक्लियर इम्प्लांटसारखाच. त्यातून नऊ उत्तेजक इलेक्ट्रोड निघतात, प्रत्येक नलिकेसाठी तीन-तीन. वरच्या आणि आडव्या नलिकेच्या अँप्युला शेजारी शेजारी असल्यामुळे त्यांच्यासाठी दुहेरी फाट्याची एक पट्टी, मागच्या नलिकेसाठी वेगळी पट्टी. वीज परत जाण्याचे दोन संदर्भ इलेक्ट्रोड: एक, दोन नलिका जिथे एकत्र येतात त्या सामाईक भागात, आणि एक कानाच्या वरच्या स्नायूखाली. बाहेर डोक्याच्या त्वचेवर चुंबकाने चिकटणारी तबकडी. तिच्यात तीन अक्षांचा जायरोस्कोप आणि त्वचेपलीकडे सिग्नल पाठवणारी कॉइल. तिथून एक वायर कपड्यांवर अडकवलेल्या बॅटरी आणि प्रोसेसरकडे.

ही तबकडी साधी दिसते, पण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. कॉक्लियर इम्प्लांटची कॉइल थोडी फिरली तरी आवाज तोच ऐकू येतो. इथे तबकडी चुंबकाभोवती वीस अंश फिरली तर तिच्या आतला जायरोस्कोपही वीस अंश फिरतो, आणि डोकं आडवं वळलं असताना मेंदूला ‘थोडं आडवं, थोडं तिरकं’ असा निरोप जातो. म्हणून ती रोज त्याच कोनात, कवटीला घट्ट बसावी लागते. दाट केसांवर, टोपी किंवा हेल्मेटखाली ती सरकू शकते.

शस्त्रक्रियेची वाट कॉक्लियर इम्प्लांटसारखीच सुरू होते. पूर्ण भूल, कानामागे छेद, मॅस्टॉइडचं हाड ड्रिलने पोखरणं, चेहऱ्याच्या मज्जातंतूवर मॉनिटर. पुढे फरक पडतो. सर्जनला तिन्ही नलिकांच्या अँप्युलांजवळ जेमतेम इलेक्ट्रोड जाईल एवढंच भोक पाडायचं असतं. हाड शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पातळ करायचं, पापुद्रा हलक्या हाताने उचलायचा, आणि भोक उघडल्यावर सक्शनची नळी तिथे न्यायची नाही. आतला द्रव ओढला गेला की ऐकणं संपतं. इलेक्ट्रोड आत सरकवायचा तोही आतली नाजूक पडद्याची नळी न चिरडता, नुसता हाडाच्या भिंतीला टेकून. मग भोकाभोवती स्नायूच्या आवरणाचे बारीक तुकडे दाबून बसवायचे. टेबलावरच थोडी वीज देऊन मज्जातंतू उत्तर देतो का ते बघतात. उत्तर मिळालं नाही तर इलेक्ट्रोड थोडा पुढे-मागे करतात. इथे अर्धा मिलिमीटरही फार असतो. आडव्या आणि वरच्या अँप्युला इतक्या जवळ आहेत की एकीसाठीची वीज दुसरीला पोचते, आणि चेहऱ्याचा मज्जातंतूही तिथूनच जातो.

जखम भरली की काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात. इथे ते पायाभूत ठोके येतात. ज्या कानाकडून कित्येक वर्षं काहीच आलं नाही, तिथून अचानक दर सेकंदाला शंभरेक ठोके यायला लागतात. मेंदूच्या लेखी याचा अर्थ एकच, आपण त्या बाजूला गरगर फिरतोय. डोळे हिसके देऊ लागतात, मळमळतं. मग काय? थांबायचं, आणि मेंदूला सवय होऊ द्यायची. जिनिव्हाच्या गटाने हे मोजलं. पहिल्या वेळी डोळे शांत व्हायला साधारण अर्धा तास लागला. बंद करून पुन्हा चालू करत गेल्यावर तोच काळ काही मिनिटांवर आला. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या बाजूचा नवा शून्य मेंदू अर्ध्या तासात ठरवतो, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात थक्क करणारी गोष्ट वाटते.

पण एकदा नवा शून्य ठरला की तो सांभाळावा लागतो. बॅटरी संपली, तबकडी निघाली, की पारडं उलट बाजूला झुकतं. म्हणूनच हॉपकिन्सच्या चाचणीत यंत्र चोवीस तास चालू ठेवलं गेलं, झोपेतसुद्धा. ऐकण्याचं यंत्र रात्री काढून ड्रॉवरमध्ये ठेवता येतं. तोलाचं नाही.

शून्याच्या जागी शंभर ठोके का हवेत, हेही समजून घ्यायला हवं. इम्प्लांट एकाच कानात असतो. त्याने दोन्ही दिशांची खबर द्यायची तर ठोके वाढवायला जशी जागा हवी तशी कमी करायलाही हवी. शंभरावरून तीन-चारशेपर्यंत नेता येतात. खाली मात्र शून्य ही भिंत आहे. त्यामुळे इम्प्लांटच्या बाजूला मान वळवली की डोळे बऱ्यापैकी साथ देतात, उलट बाजूला वळवली की कमी. पाया दोनशेवर नेला तर खाली जागा मिळते पण वरची जाते. सरळ एकदिश प्रवाह देऊन मज्जातंतू शांत करावा, तर तसा प्रवाह धातूच्या टोकाशी रासायनिक क्रिया घडवून आजूबाजूच्या पेशी मारतो. म्हणून प्रत्येक ठोका दोन अर्धांचा असतो, जेवढी वीज गेली तेवढीच लगेच परत. प्रवाह साधारण काहीशे मायक्रोअँपिअरचा.

यंत्र जुळवणं हे ऑडिओलॉजिस्टचं चिकाटीचं काम. प्रत्येक इलेक्ट्रोडवर प्रवाह हळूहळू वाढवायचा. कुठे पहिल्यांदा काही जाणवतं, कुठे डोळे हलतात, कुठे गाल किंवा पापणी फडफडायला लागते, हे नोंदवायचं. गाल फडफडला की तिथे वरची मर्यादा, मग डोळ्यांचा प्रतिसाद कितीही कमी असो. अंधारात, इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या गॉगलमधून डोळे नेमके कुठल्या अक्षाभोवती फिरले ते बघायचं. मागच्या नलिकेला वीज दिली आणि डोळे आडवे फिरले, तर वीज सांडते आहे. त्या पट्टीवरचा दुसरा इलेक्ट्रोड घ्यायचा, संदर्भ बदलून पाहायचा. तरीही राहिलेली चूक प्रोसेसरमधल्या गणिताने काढता येते: तिन्ही अक्षांचे आकडे अशा प्रमाणात मिसळायचे की सांडलेली वीज एकमेकींना काटेल. शेवटी डोक्याचा वेग आणि ठोक्यांची संख्या यांचा वक्र बसवायचा. तो सरळ रेषेचा नसतो. चालताना लागणाऱ्या मधल्या वेगांना जास्त जागा, दोन्ही टोकांना कमी.

एवढं करून डोक्याच्या वेगाच्या किती प्रमाणात डोळे फिरतात? निरोगी माणसात प्रमाण एकास एक असतं. इम्प्लांटवाल्यांत ते पुष्कळदा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. नैसर्गिक तंतू प्रत्येक आपापल्या लयीत ठोके देतात. यंत्र मात्र हजारो तंतूंना एका तालात ठोकतं, आणि असा एकसुरी मारा झाला की मेंदूतला पुढचा जोड त्याचं वजन झपाट्याने कमी करतो, हे माकडांमध्ये दिसलं आहे.

मग या अर्ध्यामुर्ध्या सिग्नलचा उपयोग होतो का? होतो. हॉपकिन्सच्या पहिल्या आठ जणांचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. फोमच्या गादीवर डोळे मिटून उभं राहण्याचा मध्यक काळ ३.६ सेकंदांवरून सहा महिन्यांत ८.३ सेकंदांवर आला. आकडा छोटा वाटेल, पण काळोखात बाथरूमपर्यंत जायला, घसरताना सावरायला हीच चार-पाच सेकंदं लागतात. चालण्याच्या चाचण्या सुधारल्या, रोजच्या जगण्यातली अडचण कमी झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. जिनिव्हा-मास्ट्रिख्टच्या रुग्णांमध्ये ट्रेडमिलवर चालताना पाटीवरची अक्षरं वाचण्याची क्षमता परत आल्याचं २०१६मध्येच दिसलं होतं.

किंमतही हॉपकिन्सच्या त्याच लेखात स्पष्ट लिहिली आहे, आणि ती लपवली नाही याचा मला आदर वाटतो. आठांपैकी पाच जणांचं त्या कानाचं ऐकणं थोडं कमी होऊन टिकलं. तिघांचं जवळजवळ गेलं. चांगलं ऐकू येणाऱ्या कानात हे यंत्र बसवायचं की नाही हा प्रश्न त्यामुळे डॉक्टरने एकट्याने सोडवायचा नाही. ज्याला एका कानाने ऐकणं म्हणजे नोकरी गमावणं आहे त्याचं उत्तर वेगळं असेल, आणि जो घराबाहेर पडणंच सोडून बसला आहे त्याचं वेगळं. या घडीला हे इम्प्लांट मुख्यतः संशोधन-चाचण्यांतच बसवले जातात. तिथेही आधी काही महिने तोलाचे व्यायाम नीट करून पाहिलेले असावे लागतात. दुसऱ्या कानाने चांगलं ऐकू यावं लागतं आणि मज्जातंतू जिवंत असावा लागतो. जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक केशपेशी मारतं पण मज्जातंतू बराचसा शाबूत ठेवतं, म्हणून असे रुग्ण योग्य ठरतात. मज्जातंतूवरची गाठ काढताना मज्जातंतूच कापला गेला असेल तर कितीही चांगलं यंत्र तिथे काही करू शकत नाही.

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासच्या गटाचं काम यात वेगळं आणि माझ्या मते फार महत्त्वाचं आहे. त्यांनी नलिका सोडून गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या युट्रिकल-सॅक्युलजवळ इलेक्ट्रोड ठेवला. जायरोस्कोप नाही, हालचालीची कसलीही खबर नाही, नुसते एकसारखे ठोके. तरीही रुग्णांचा तोल सुधारला. पायाभूत ठोके परत मिळणं हाच एक उपचार असू शकतो, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कशातून दिसलं नव्हतं.

आपल्याकडे या यंत्राची वाट बघत बसण्याआधी करण्यासारखं बरंच आहे, कारण हा आजार होण्याची एक मोठी वाट दवाखान्यातून जाते. क्षयाच्या जुन्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे आधी उपचार झालेल्या रुग्णांच्या, उपचारात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली. ती पद्धत आता बंद झाली, औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठीही तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर आहे. पण जेंटामायसिन आणि अमिकासिन अजून रोज वापरात आहेत, आणि पुष्कळदा ती जीव वाचवतात. अमिकासिन जास्त करून ऐकण्यावर घाला घालतं, जेंटामायसिन तोलावर. म्हणजे जेंटामायसिनच्या रुग्णाची नुसती ऐकण्याची तपासणी करून ‘कान ठीक आहे’ म्हणणं चुकीचं आहे. रक्तातली पातळी मर्यादेत असूनही हे होऊ शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल, सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर धोका वाढतो. आणि रुग्ण अंथरुणाला खिळलेला असल्यामुळे लक्षात येतं ते डिस्चार्जनंतर, घरी उठून चालायला लागल्यावर. तेव्हा घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे.

खाटेशेजारी करायची एक तपासणी आहे, तिला दोन मिनिटं लागतात. मानेचं दुखणं नाही ना ते विचारून घ्यायचं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचा, चष्मा असेल तर चष्म्यासकट रुग्ण किती ओळी वाचतो ते बघायचं. मग मागे उभं राहून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून सेकंदाला दोन वेळा, थोडंसंच, डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि पुन्हा वाचायला सांगायचं. हलवणं थांबवून वाचू द्यायचं नाही, नाहीतर तो कडेच्या क्षणिक विसाव्यात अक्षर पकडतो. एखादी ओळ कमी झाली तर चालेल. तीन किंवा जास्त ओळी कमी झाल्या तर औषध चालू ठेवण्याचा त्याच दिवशी फेरविचार करायचा आणि कानाच्या डॉक्टरला बोलवायचं. केशपेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या वाचवता येतात.

ज्यांचं आधीच नुकसान झालं आहे त्यांनी अक्षरावर नजर रोखून डोकं हलवण्याचा व्यायाम रोज करावा, एकेक मिनिट, दिवसातून अनेक वेळा, अक्षर पुसट होऊ लागेल एवढ्याच वेगाने. रात्री घरात दिवा ठेवावा. आणि विहिरीत, नदीत, समुद्रात बुडी मारू नये. पाण्याखाली पायांना जमीन लागत नाही, गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही, आणि वर कुठे नि खाली कुठे हे सांगणारा कान गप्प असतो. पट्टीचा पोहणारासुद्धा वर येतोय असं समजून तळाकडे जाऊ शकतो. रुग्णाला घरी पाठवताना ही सूचना लेखी द्यायला हवी.